आरएमच्या आधी एलएस

प्रश्न : मुलाने जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून दिलं आहे. काळ्या खिडकीत 'आरएम' देऊन काही जुन्या फायली काढायला गेले, तर शेजारच्या चांगल्याही गेल्या. कचरापेटी रिकामीच! परत मिळतील का? आणि या कमांडची नावं अशी अर्धवट का?
– एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : बाई, आरएमला (म्हणजे 'रिमूव्ह', काढून टाक) कचरापेटी ठाऊकच नाही. दुसरीकडे कॉपी असेल तर तिथूनच घ्या. नसेल तर लॅपटॉप लगेच बंद करून जाणकाराला दाखवा. आशा थोडीच आहे.

शेजारच्या फायली कशा गेल्या असतील, याचा मला अंदाज आहे. ऑफिसात मला शेवटी '.बॅक' असलेल्या फायली काढायच्या होत्या. आरएम, मग *, आणि त्याला चिकटून '.बॅक' लिहायचं. माझा अंगठा मध्येच स्पेसबारवर पडला. सुट्या * चा अर्थ 'इथल्या सगळ्या फायली'. सगळी झाडझूड उरकून मशीनने वर मलाच ऐकवलं, की '.बॅक' नावाची फाईल सापडत नाही! आदल्या रात्रीची बॅकअप टेप होती म्हणून निभावलं.

तेव्हापासून मी आरएमच्या जागी आधी 'एलएस' (म्हणजे 'लिस्ट') लिहितो, पुढचं सगळं तेच ठेवून. एलएस नुसती यादी दाखवतं, कशाला हात लावत नाही. यादी पटली की वरच्या बाणाची कळ दाबायची, मागची कमांड परत येते. तिच्यात एलएसचं आरएम करायचं. त्याहीआधी 'पीडब्ल्यूडी' देऊन आपण कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहोत ते बघा. (बांधकाम खात्याशी याचा संबंध नाही.) तरी धाकधूक वाटली तर आरएमपुढे जागा सोडून '-आय' लिहा, म्हणजे ते दर फाईलला विचारेल. सगळं छोट्या अक्षरांत हं, मोठी चालत नाहीत.

आता नावं. लिनक्सने ती युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतली. युनिक्स 1969 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलं. तेव्हा पडदा नव्हता. टेलिटाइपवर टाइप करायचं, उत्तर कागदावर खडखडत यायचं, सेकंदाला 10 अक्षरं. अशा यंत्रावर लांबलचक नावं कोण बडवणार? पीडब्ल्यूडीमधला 'पी' म्हणजे प्रिंटच.

बाकी 'मॅन आरएम' असं देऊन बघा, त्या कमांडचं माहितीपत्रक उघडेल. बाहेर यायला 'क्यू' दाबा.