अंगठ्याची गोष्ट

प्रिय पोरी,

तुझं भाषण संपल्यावर एक जण उठून म्हणाला, "ही 'रूल ऑफ थम्ब'ची गोष्ट खोटी आहे," आणि तुला उत्तर सुचलं नाही. आता विचारतेस, खरं काय? हे आदल्या दिवशी विचारायचं, बाई.

गोष्ट मला तोंडपाठ आहे. नवऱ्याने बायकोला मारायची काठी अंगठ्याहून जाड नको, असा म्हणे इंग्लंडात कायदा होता आणि त्यावरूनच 'रूल ऑफ थम्ब' हा इंग्रजी शब्दप्रयोग आला. तसला कायदा आजवर कुणाला सापडलेला नाही. 1782 मध्ये न्यायाधीश फ्रान्सिस बुलर असं काही बोलल्याची आवई उठली आणि जेम्स गिलरेने त्यांचं 'जज थम्ब' म्हणून काठ्यांच्या भाऱ्यासकट व्यंगचित्र काढलं. पण साल बघ ना! विल्यम होपच्या तलवारबाजीच्या पुस्तकात हा शब्दप्रयोग 1692 मध्येच आहे, अर्थही आजचाच: शास्त्राने नव्हे, हाताच्या अंदाजाने केलेलं काम. आपला ठोकताळा. बुलर तेव्हा जन्मलेही नव्हते.

फ्रेंचमध्ये अंगठा आणि इंच दोन्हींना 'पूस'च म्हणतात. स्वीडिशमध्ये इंच 'टुम', अंगठा 'टुम्मे'. म्हणजे अंगठ्याने मापायची रीत जुनीच. पण लगेच 'सुतार अंगठ्याने मापायचे, त्यातून हा शब्द आला' अशी नवी गोष्ट रचून सांगत सुटू नकोस. आधी साल, मग गोष्ट.

मीही ती काठीची गोष्ट वीस वर्षं सांगितली. टाळ्या हमखास. एकदा एका म्हाताऱ्या ग्रंथपालाने 1692 लिहिलेली चिठ्ठी हातात ठेवली. मी ती घडी करून खिशात टाकली आणि पुढच्या सभेत पुन्हा तेच सांगितलं. हेतू वाईट नव्हता गं. मारहाण तर खरीच होती. 1874 मध्ये अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायना राज्याच्या न्यायालयाला निकालात लिहावं लागलं की अंगठ्याएवढ्या काठीचा जुना दंडक आमच्याकडे कायदा नाही. आणि 1982 मध्ये अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने मारहाणीवरच्या अहवालाच्या नावातच हा शब्दप्रयोग घातला. आयोग फसतो, तिथे माझी काय कथा? (ही सबब मी फार वर्षं वापरली. पोकळ आहे.)

तेव्हा 1874 चा निकाल भाषणात घाल, शब्दाच्या जन्माचं वाक्य काढून टाक. प्रत्येक दाव्यासमोर साल लिही. साल नसेल तर दावा खोड. आणि त्या उठलेल्या माणसाला फोन कर. मी त्या ग्रंथपालाला साधं उत्तरही दिलं नाही.