तीन पिढ्यांच्या बिघडलेल्या आयरिश कुटुंबावर हसवणारी कादंबरी कुठली वाचावी?

पॉल मरे यांची 'द बी स्टिंग' घ्या. 2023च्या बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. आजोबा मॉरिसनी उभारलेला गाड्यांच्या शोरूमचा धंदा मंदीनंतर मुलगा डिकीच्या हातून बुडतोय, सून इमेल्डा घरातल्या वस्तू विकायला काढतेय, नात कॅसला दारूचा नाद लागलाय. नातू पीजे तर पाय सोलून निघाले तरी आखूड झालेले बूट घालून फिरतो, कारण नवे मागितले तर आईबाबांचं पुन्हा वाजेल! लग्नाच्या दिवशी नवरी इमेल्डाच्या तोंडावरच्या जाळीदार ओढणीत मधमाशी शिरून डसली म्हणून घरात लग्नाचा एकही फोटो नाही, हा नावामागचा किस्सा. हसू येतं ते प्रत्येकजण एकाच घरात राहून दुसऱ्यापासून काय काय लपवतो त्याचं. इमेल्डाची प्रकरणं जवळजवळ विरामचिन्हांशिवाय आहेत, दहाएक पानांत सवय होते. मात्र निव्वळ करमणूक हवी असेल तर थांबा: साडेसहाशेच्या आसपास पानं आहेत आणि शेवटच्या भागात हसू पार मावळतं.