खानापूरकडच्या जुन्या घरात राहणाऱ्या आमच्या आजी पडू नयेत म्हणून काय करावे?

सर्वांत आधी न्हाणीघर पाहावे, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात शहाबादी फरशीवर शेवाळ धरते आणि मागच्या दारी रात्री पुष्कळदा दिवाही नसतो. फरशी खराट्याने घासून घ्यावी, भिंतीत आधाराचा दांडा पक्का बसवावा (टॉवेलचा दांडा माणसाचे वजन पेलत नाही) आणि आंघोळीला बुटक्या पाटाऐवजी न हलणारे उंच स्टूल द्यावे, कारण पाटावरून उठतानाच अनेकदा तोल जातो. उंबऱ्याच्या कडेला पिवळा पट्टा रंगवावा.

रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांमुळे उभे राहताच चक्कर येऊ शकते. म्हणून अंथरुणातून उठताना आजींनी थोडा वेळ काठावर बसावे आणि सर्व गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात, परस्पर बंद करू नयेत. मोतीबिंदूही तपासून घ्यावा.

पडतील या भीतीने त्यांना बसवून ठेवणे मला सर्वांत घातक वाटते, कारण त्याने पायांतील बळ जाते. ओट्याला धरून टाचा उचलणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे असे व्यायाम कुणीतरी जवळ असताना रोज करावेत. आजी पूर्वी एकदा पडल्या असतील, तर इजा झाली नसली तरी डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण अशा व्यक्तीला पुन्हा पडण्याचा धोका अधिक असतो.