वाचक विचारतात : डी. वाय. पाटील स्टेडियमला जाताना

नवी मुंबईतल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमबद्दल बरीच पत्रं आली आहेत. क्रिकेट, फुटबॉल आणि गाण्यांचे मोठे कार्यक्रम असं सगळं तिथे होतं. म्हणूनच एका कार्यक्रमाला उत्तम ठरलेली जागा दुसऱ्याला उपयोगाची नसते.

प्रश्न : दुपारी 3 चा एकदिवसीय सामना आहे. सोबत 72 वर्षांच्या सासूबाई, गुडघे दुखतात. तिकीट कोणत्या बाजूचं काढू? (डोंबिवली)

उत्तर : आधी ऊन बघा, मग तिकिटाचा भाव. मावळतीचं ऊन फलंदाजाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून क्रिकेटची खेळपट्टी साधारण उत्तर-दक्षिण आखतात. ते ऊन मग पूर्वेच्या स्टँडमधल्या प्रेक्षकांच्या तोंडावर येतं, आणि सूर्य कलेपर्यंत कपाळावर हात धरून सामना बघावा लागतो. पश्चिमेच्या स्टँडला ऊन पाठीशी असतं, छताची सावलीही लवकर मिळते. तिकिटाच्या नकाशात दिशा बहुधा नसते. मोबाइलवरच्या नकाशात स्टेडियम शोधा, तिथे वरची बाजू उत्तर असते. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून गेट जुळवा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते पैसे भरण्याआधीच करायचं.

गुडघ्यांसाठी खालचा टियर (म्हणजे स्टँडचा खालचा मजला), कडेची खुर्ची. मात्र अगदी पुढच्या रांगा टाळा. जाहिरातींचे फलक आडवे येतात, नजर मैदानाच्या पातळीवर राहते आणि चेंडू सीमारेषेच्या किती अलीकडे पडला ते कळत नाही. पाऊस आला तर आधी भिजतात त्याही याच रांगा. आठ-दहा रांगा वरचं तिकीट चांगलं. एक गोष्ट लक्षात राहू द्या : स्टँडमध्ये शिरायची वाट रांगांच्या वरच्या अंगाला असेल तर खुर्चीपर्यंत उतरावं लागतं आणि प्रत्येक वेळी स्वच्छतागृहासाठी चढावं लागतं. सासूबाईंसाठी त्या वाटेजवळचीच रांग घ्या. छताला मधे खांब नाहीत, त्यामुळे मागे बसूनही नजरेआड काही जात नाही. चाकाची खुर्ची हवी असेल तर तिकीट काढतानाच आयोजकांना कळवा.

प्रश्न : स्कूटरवरून येणार आहोत. हेल्मेट आत नेता येतं का? (खारघर)

उत्तर : नाही. हेल्मेट, बाटली, नाणी, लायटर, पॉवर बँक, छत्री हे सहसा गेटवरच अडवतात, कारण मैदानात भिरकावता येईल किंवा पेट घेईल असं काहीही आत नको असतं. सामान ठेवायची सोय असेलच असं धरू नका. हेल्मेट गाडीलाच कुलूप लावून ठेवा, नाहीतर सरळ लोकलने या. औषधं असतील तर पाकिटासह आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या, सुट्या गोळ्यांवरून हमखास हुज्जत होते. एकदा बाहेर पडलात की बहुतेक वेळा त्याच तिकिटावर परत आत सोडत नाहीत.

प्रश्न : क्रिकेटला बाजूच्या स्टँडमधून छान दिसलं. फुटबॉललाही तिथलंच तिकीट घेऊ? (ठाणे)

उत्तर : घ्या, पण वरच्या टियरचं. 2022 साली 17 वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना इथे झाला, तरी मैदान मुळात क्रिकेटचं, गोलाकार. त्यात 105 बाय 68 मीटरचा आयत बसवतात. मध्यापासून सीमारेषा 70 मीटर धरली तर लांब बाजूच्या प्रेक्षकापासून खेळाची रेषा निदान 36 मीटर दूर जाते आणि गोलमागच्यापासून जेमतेम 17-18 मीटर. खाली बसलात तर पलीकडच्या अंगाचे खेळाडू एकमेकांआड जातात. उंचावरून मात्र बचावफळी कशी सरकते, मोकळी जागा कुठे पडते, हे सगळं दिसतं. फुटबॉलचा खरा आनंद त्यातच आहे. गोल जवळून बघायची हौस असेल तर गोलमागे बसा, मग दुसऱ्या टोकाचा खेळ अंदाजाने समजून घ्यावा लागेल.

प्रश्न : गाण्याच्या कार्यक्रमाला पडद्यावरचे ओठ आणि आवाज जुळत नव्हते. ध्वनियंत्रणा बिघडली होती का? (पुणे)

उत्तर : बिघाडच असेल असं नाही. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मंचापासून 100 मीटरवर बसलात तर तो 0.3 सेकंद उशिरा पोचतो, चित्र मात्र तत्क्षणी दिसतं. मंच एका टोकाला असतो. त्याच्या अगदी बाजूच्या स्टँडमधून कलाकाराची पाठ आणि लोखंडी सांगाडाच दिसतो. स्वस्त मिळालं तरी तिथलं तिकीट नको.

प्रश्न : जायचं कसं आणि रात्री परत कसं यायचं? (दादर)

उत्तर : हार्बर मार्गाच्या लोकलने नेरूळ, पूर्वेला उतरून पायी वीस-पंचवीस मिनिटं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल आहे. पुण्याकडच्यांनी पनवेलला उतरून लोकल धरावी. रविवारी मेगाब्लॉक आहे का, ते आदल्या दिवशीच बघा. परतीचं तिकीट जातानाच काढा, कारण सामना सुटल्यावर खिडकीपुढची रांग पुलापर्यंत जाते.

शेवटच्या लोकलची वेळ लिहून ठेवा आणि सामना वेळेवर संपेल यावर विसंबू नका. 2 नोव्हेंबर 2025 ला इथेच भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तो सामना पावसामुळे 3 ऐवजी 5 ला सुरू झाला आणि मध्यरात्रीच्या सुमारास संपला. अशा रात्री रिक्षा मिळत नाही, मोबाइलला रेंजही धड नसते. तिकीट घरूनच फोनमध्ये उतरवून ठेवा. ताटातूट झाली तर भेटायची जागा आत शिरण्याआधी ठरवा. ‘गेटबाहेर’ एवढं पुरत नाही, गेटचा क्रमांक आणि त्याच्या कोणत्या बाजूला हेही सगळ्यांना सांगा. लहान मुलाच्या खिशात तो क्रमांक आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.