माळ्यावरचा स्पेक्ट्रम आणि कपाटातल्या कॅसेटी

गेल्या अंकात डीबी स्पेक्ट्रम प्लसबद्दल लिहिलं होतं. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने इंग्लंडच्या सिंक्लेअरच्या परवान्याने १९८६ मध्ये आपल्याकडे आणलेला हा घरगुती संगणक. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांकडे यंत्र अजून आहे, आणि प्रत्येकाला ते पुन्हा चालू करायचं आहे. त्यातले पाच प्रश्न या वेळी घेते.

प्रश्न : वडिलांचा डीबी स्पेक्ट्रम प्लस माळ्यावर सापडला. अडॅप्टरही जवळ आहे. सरळ लावून बघू का? (सांगली)

नका लावू. आधी अडॅप्टर बघा. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतात आणि पिनेच्या आत ऋण, बाहेर धन असतं. बाजारात आज मिळणारे ९ व्होल्टचे बहुतेक अडॅप्टर नेमके याच्या उलट असतात, त्यामुळे ‘पिन बसते ना’ एवढ्यावर जाऊ नका. मूळ अडॅप्टर मीटरला लावलात तर मोकळ्या पिनेवर १२ व्होल्टच्याही वर आकडा दिसेल. त्याला घाबरू नका, तो रेग्युलेटेड नाही. वायरचं आवरण मात्र तडकलेलं असेल तर तो वापरूच नका.

मग तळाचे स्क्रू काढून यंत्र उघडा. वरचा भाग झटकन उचलू नका, कारण कीबोर्डच्या मेंब्रेनच्या दोन पातळ पट्ट्या खालच्या बोर्डात खोचलेल्या असतात. इतक्या वर्षांत त्या कडक होतात आणि वाकवल्या की मोडतात. सॉकेटच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढायच्या. मोडल्याच तरी नवी मेंब्रेन मिळते, हौशी मंडळींसाठी ती आजही बनते.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळे बदलून टाका. यात काटकसर करू नका. त्यानंतर वीज द्या आणि लगेच ४११६ या मेमरी चिपवर व्होल्टेज मोजा: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५. उणे ५ येत नसेल तर त्याच क्षणी बंद करा. १२ आहे आणि उणे ५ नाही, अशा अवस्थेत ४११६ मरतात, आणि त्या ओळीने आठ आहेत. अशा वेळी दोष बहुतेकदा टीआर४ या ट्रान्झिस्टरमध्ये सापडतो.

पडद्यावर कॉपीराइटची ओळ आली की एक छोटी तपासणी करा. ‘प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३’ असं टाइप करा. उत्तर ६५५३५ आलं तर पूर्ण ४८ के मेमरी शाबूत आहे. ३२७६७ आलं तर फक्त खालची १६ के चालते आहे आणि वरच्या ३२ के च्या चिप बघायला लागतील.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. शाळेत असताना गणिताचे आणि अक्षरओळखीचे प्रोग्राम स्वतः बेसिकमध्ये लिहिले होते. त्या कॅसेटी आहेत, विकतच्या खेळांच्याही आहेत. एसडी कार्डाचं उपकरण घेतलं तर या कॅसेटी टाकून देऊ का? (कोल्हापूर)

सर, कृपा करून टाकू नका. या अंकात मला एकच उत्तर देता आलं असतं, तर मी हेच निवडलं असतं.

विकतच्या खेळांची काळजी सोडा. युरोपातल्या हौशी लोकांनी ते केव्हाच उतरवून ठेवले आहेत. तुम्ही लिहिलेला अक्षरओळखीचा प्रोग्राम मात्र जगात फक्त तुमच्या कपाटात आहे. लंडनचा किंवा माद्रिदचा कितीही मोठा जाणकार तो वाचवू शकणार नाही, कारण तो आहे हेच त्याला ठाऊक नाही. नवी उपकरणं कधीही घेता येतील. टेप तेवढी थांबत नाही.

कॅसेट आधी डोळ्यांनी बघा. टेपवर पांढुरकी बुरशी दिसली तर ती लावू नका, बाजूला ठेवा. टेपच्या मागे फेल्टची एक चिमुकली गादी असते, तिचा गोंद सुकून ती गळते. गादी नसली की आवाज दबका येतो आणि लोकांना वाटतं टेप गेली. दुसऱ्या रिकाम्या कॅसेटची गादी काढून बसवा.

चांगला कॅसेट प्लेअर घ्या, हेड स्पिरिटने पुसा आणि हेडफोनच्या भोकातून वायर संगणकाला द्या. ऑडॅसिटीसारख्या प्रोग्राममध्ये मोनो, ४४१०० हर्ट्झ, डब्ल्यूएव्ही असं रेकॉर्ड करा. एमपी३ अजिबात नको. ती फाईल लहान करताना लाटांच्या कडा बोथट करते, आणि स्पेक्ट्रम त्या कडाच मोजत असतो: शून्यासाठी आखूड लाट, एकासाठी बरोबर दुप्पट लांबीची. आवाज घोगरा येत असेल तर हेडशेजारचा छोटा स्क्रू हळूहळू फिरवा. जिथे शिट्टी सगळ्यात तीक्ष्ण ऐकू येईल, तीच जागा.

प्रत्येक प्रोग्राम सुमारे ५ सेकंदांच्या सलग शिट्टीने सुरू होतो, मग १७ बाइटचं शीर्षक येतं. १० अक्षरांचं नाव त्यातच असतं. पुन्हा सुमारे २ सेकंदांची शिट्टी, आणि मग खुद्द प्रोग्राम. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो, तो जुळला की तुकडा नीट आला असं धरायला हरकत नाही. डब्ल्यूएव्हीवरून टेपची फाईल करायला फ्यूज या एम्युलेटरच्या (आजच्या संगणकावर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या) साधनांमध्ये ‘ऑडिओ टू टेप’ आहे.

तुमच्यासाठी एक खास सूचना. अक्षरओळखीसाठी तुम्ही स्वतः अक्षरं आखली असणार. स्पेक्ट्रम अशी २१ चिन्हं देतो, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे १६८ बाइट. हा तुकडा बेसिक प्रोग्रामबरोबर आपोआप साठवला जात नाही, तो वेगळा सेव्ह करायला लागायचा. त्यामुळे मुख्य प्रोग्राम संपला म्हणून टेप थांबवू नका. पुढे १६८ बाइटचा एक तुकडा असेल, ऐकायला क्षणभराचा, आणि तुमचा ‘क’, ‘ख’ त्यातच आहे. तो सुटला तर प्रोग्राम चालेल, पण ‘क’च्या जागी रोमन ‘ए’ दिसेल.

मूळ डब्ल्यूएव्ही पुसू नका. आज न वाचता आलेला तुकडा उद्याच्या प्रोग्रामला वाचता येतो.

प्रश्न : टेप लोड व्हायला पाच-पाच मिनिटं जातात. टेपऐवजी एसडी कार्डावरून लोड करणारं डिव्हएमएमसी हे उपकरण घेण्यासारखं आहे का? सगळे खेळ चालतात का? (नागपूर)

घ्या. यंत्राच्या मागे बोर्डाची पट्ट्यांची उघडी कड असते, त्या एज कनेक्टरवर बसतं, एसडी कार्ड घालायचं, आणि ईएसएक्सडॉस ही हौशी लोकांनीच लिहिलेली, फुकट मिळणारी प्रणाली त्यावर चालते. काम करण्याची पद्धत मला फार आवडते. स्पेक्ट्रमच्या रॉममध्ये (चिपमध्ये कायमच्या भरलेल्या मूळ प्रोग्राममध्ये) टेप वाचण्याचं काम १३६६ या पत्त्यावर सुरू होतं. प्रोसेसर जरा पुढे, १३७८ वर पोचला की डिव्हएमएमसी मूळ रॉम बाजूला सारून आपली मेमरी तिथे आणतं आणि बाइट टेपऐवजी कार्डावरून देतं. प्रोग्रामला पत्ताही लागत नाही.

सगळे खेळ चालत नाहीत, त्याचं कारणही हेच. नक्कल रोखण्यासाठी अनेक कंपन्यांनी स्वतःचं लोडर, म्हणजे टेप वाचणारा प्रोग्राम, लिहिलं. ते रॉममध्ये जातच नाही, मग डिव्हएमएमसी कुठे पकडणार? अशा खेळांसाठी स्नॅपशॉटची (लोड झालेल्या खेळाच्या मेमरीची) फाईल वापरा, किंवा टीझेडएक्स ही टेपची फाईल मोबाईलवरून इअर सॉकेटमध्ये वाजवा. मोबाईलचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा.

आणि वीज चालू असताना एज कनेक्टरला हात लावू नका. शेजारशेजारच्या पट्ट्या क्षणभर चिकटल्या तरी प्रोसेसर, यूएलए (पडदा, कीबोर्ड आणि टेप सांभाळणारी चिप) किंवा मेमरी जाते.

प्रश्न : एम्युलेटरबरोबर मिळणारी रॉम वापरणं कायदेशीर आहे का? (ठाणे)

रॉमपुरतं बोलायचं तर हो. सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय अ‍ॅमस्ट्रॅडने १९८६ मध्ये ५० लाख पौंडांना घेतला, आणि पुढे १९९९ मध्ये त्यांनी एम्युलेटरबरोबर रॉम वाटायला परवानगी दिली, कॉपीराइटची ओळ न पुसण्याच्या अटीवर. खेळांचे हक्क ज्याचे त्याचे.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे. स्पेक्ट्रमसाठी स्वतःचं एक्स्पान्शन कार्ड बनवायचं आहे. पण त्याचा प्रोसेसर झेड८० बंद झाला म्हणतात, मग अर्थ आहे का? (म्हापसा)

आहे, नक्की बनव. झेड८० बनवणाऱ्या झायलॉगने २०२४ मध्ये त्याचा सुटा झेड८४सी०० बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं हे खरं. पण बनलेल्या चिप पुष्कळ आहेत, त्या सहसा बिघडत नाहीत, आणि एफपीजीएमध्ये (हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिपमध्ये) हा प्रोसेसर उत्तम चालतो. अवघड यूएलएचं होतं, तो तर फेरान्टीने खास सिंक्लेअरसाठी बनवलेला. पण हौशी लोकांनी त्याचं सगळं काम साध्या लॉजिक चिपवर उतरवलं आणि हार्लेक्विन हा स्पेक्ट्रमसारखाच चालणारा बोर्ड उभा राहिला.

सुरुवात सॉफ्टवेअरपासून कर. झेड८८डीके या कंपायलरने सीमध्ये लिहिता येतं. कार्डाची आकृती, बोर्ड बनवून घ्यायला लागणारी गर्बर फाईल, सुट्या भागांची यादी आणि सोर्स कोड पहिल्या दिवसापासून खुला ठेव. बनवणारा एकटाच असेल आणि सगळं त्याच्याच कपाटात असेल, तर तो थांबला की कार्डही थांबतं. शक्यतो भोकात बसणारे भाग वापर, म्हणजे साध्या सोल्डरिंग आयर्नने कुणालाही दुरुस्त करता येईल.

पोर्ट, म्हणजे प्रोसेसर ज्या क्रमांकाने तुझ्या कार्डाशी बोलेल तो, निवडताना नीट बघ. यूएलए प्रत्येक सम पोर्टला उत्तर देतो, म्हणून तुझा पोर्ट विषम हवा. केम्पस्टन जॉयस्टिक ३१ वर असते, पण स्वस्त इंटरफेस फक्त ए५ ही एकच अ‍ॅड्रेस लाइन तपासतात. ती शून्य असलेला कुठलाही पोर्ट वाचलास तर तेही मध्ये बोलतात. डिव्हएमएमसीने २२७, २३१ आणि २३५ घेतले आहेत. खालच्या आठही अ‍ॅड्रेस लाइन डीकोड कर, एक चिप जास्त लागली तरी चालेल. आकृती तयार झाली की मला पाठव, मी बघून देईन.