केपी शिकतेयस ना, मग आधी एक वही घे

अगं, तुझा मेसेज वाचला. केपीचं, म्हणजे कृष्णमूर्तींच्या ज्योतिष पद्धतीचं सॉफ्टवेअर घेतलंस, त्यांची सहाही पुस्तकं, ती रीडर, मागवलीस आणि आता विचारतेस की काका, पैसे घेऊन पत्रिका कधीपासून बघू. मला आनंदच झाला, पण घाई करू नकोस. कृष्णमूर्तींनी नेमकं काय केलं ते आधी नीट समजून घे, कारण क्लासमध्ये सगळे नियम पाठ करून घेतात आणि त्यामागचा माणूस राहूनच जातो.

के. एस. कृष्णमूर्तींचा जन्म 1908 चा, तंजावरजवळच्या तिरुवैयारूचा, नोकरी मद्रासला गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये. भावसाधनाची, म्हणजे पत्रिकेतली बारा घरं पाडण्याची, प्लॅसिडसची रीत त्यांनी पाश्चात्त्यांकडून घेतली, विंशोत्तरी दशा, म्हणजे 120 वर्षं नऊ ग्रहांत वाटण्याची पद्धत, मात्र आपलीच ठेवली. जुळ्यांची पत्रिका तीच, मग आयुष्य वेगळं कसं, या जुन्या प्रश्नावर त्यांचं उत्तर म्हणजे सब, नक्षत्राचा पोटभाग. 13 अंश 20 कलांचं नक्षत्र, त्याचे नऊ तुकडे, पण सारखे नाहीत, दशेच्या वर्षांच्या प्रमाणात, म्हणजे शुक्राची 20 वर्षं म्हणून त्याला 2 अंश 13 कला 20 विकला आणि रवीची 6 म्हणून फक्त 40 कला. 27 नक्षत्रांचे असे 243 होतात, सहा ठिकाणी सब राशीच्या हद्दीवर तुटतो म्हणून 249, आपण प्रश्नकुंडलीला, म्हणजे विचारलेल्या प्रश्नावरून मांडायच्या पत्रिकेला, 1 ते 249 मधला आकडा सांगायला लावतो तो इथूनच आला. हे एकदा कागद-पेन्सिल घेऊन स्वतः मांड, सॉफ्टवेअर बंद करून. मग तुला कळेल की लग्न, म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणारा राशीचा अंश, साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतं, म्हणजे रवीचा सब पावणेतीन मिनिटांत बदलतो, आणि समोरचा म्हणतो 'जन्म सकाळी साडेसातच्या सुमारास झाला'. त्या 'सुमारास'वर तू सप्तमाचा, म्हणजे विवाहाच्या घराचा, सब-लॉर्ड (त्या सबचा मालक ग्रह) काढून विवाहाचं सांगणार का? आधी वेळ तपास.

मला त्यांच्यात सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? ते उत्तर मागतात. विवाहाच्या प्रश्नाला 2, 7, 11 ही घरं लागली तर हो, नाही लागली तर नाही, आणि कधी तेही सांगायचं. 'गुरुबळ कमी आहे, थोडा त्रास संभवतो' असं गुळमुळीत नाही. पण ठाम बोलायचं तर चुकांचा हिशोबही ठेवायला लागतो आणि तोच आपण ठेवत नाही गं. 1963 पासून ते स्वतःचं मासिक चालवत होते, 1972 मध्ये गेले, त्यानंतर महाराष्ट्रात केपीचे क्लास, संमेलनं सगळं वाढलं, वह्या मात्र वाढल्या नाहीत.

म्हणून 2008 ची पुण्याची नारळीकर-दाभोलकरांची चाचणी तू वाचच. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं, फक्त पत्रिकेवरून ओळखायची, 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिका बघितल्या, बरोबर आले सुमारे 46 टक्के. नाणं उडवलं तरी पन्नास येतात. आपल्यातले बरेच जण त्यावर चिडले, मीही चिडलो होतो, पण घरी येऊन विचार केला की माझे किती टक्के येतात, आणि सांगायला माझ्याकडे आकडाच नव्हता.

आणि एक गोष्ट, जी मी कोणाला फारशी सांगत नाही. एक गृहस्थ ऑपरेशनचं विचारायला आले होते, मी म्हटलं अंतर्दशा, म्हणजे दशेतला पोटकाळ, बदलू दे, दोन महिने थांबा. ते थांबले. दुखणं वाढलं, ऑपरेशन झालं, वाचले, पण त्यांची बायको नंतर भेटली तेव्हा काहीच बोलली नाही, नुसती बघत राहिली. त्या दिवसापासून तब्येतीचा प्रश्न आला की मी आकडासुद्धा विचारत नाही, डॉक्टरकडे जा म्हणतो. तूही तेच करायचं, यात सूट नाही.

आता वही. तारीख, वेळ, आकडा, प्रश्न जसाच्या तसा, तुझं उत्तर हो की नाही, कधीपर्यंत. पेनने लिही, नंतर खाडाखोड नाही. ओळखीच्यांचे 100 प्रश्न फुकट बघ आणि मुदत संपली की फोन करून विचार काय झालं, चुकलेल्यांना तर आधी फोन कर. दिवाळीनंतर वही घेऊन ये, आपण दोघं बसून मोजू, माझीही काढून ठेवतो.