मीटिंगला गेलो आणि ओळखीचं कुणी भेटलं तर?

"मॅडम, सोडायची आहे हो. पण त्या मीटिंगला गेलो अन् तिथं आमच्याच गावचं कुणी निघालं तर?"

दारू सोडू बघणारी माणसं अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्याच गटाच्या मीटिंगबद्दल हा प्रश्न इतक्यांदा विचारतात, की एकदा सविस्तर लिहावंच म्हटलं.

हे गृहस्थ परभणी जिल्ह्यातल्या, रेल्वेलाइनवरच्या एका तालुक्याच्या गावचे. मोंढ्यात आडत दुकानावर मुनीम. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत; आपण मुनीमजीच म्हणू. दोनदा माळ घातली, दोनदा उतरवली. एकदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले. सोयाबीनची आवक सुरू झाली, रात्री उशिरापर्यंत हिशेब, आणि पुन्हा बाटली. "केंद्रातून आणलं तवा वाटलं, सुटली आता," त्यांच्या मिसेस म्हणाल्या. "आता परत रोज प्यायलेत."

माझ्यासमोर बसले तेव्हा मुनीमजी अभिमानानं सांगत होते, की कालपासून थेंब घेतला नाही. हातातला कप मात्र बशीवर वाजत होता. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत भास, बरळणं सुरू होऊ शकतं. यात जीवही जातो. म्हणून त्यांना आधी जिल्हा रुग्णालयात पाठवलं. मीटिंगचा विषय नंतर.

मिसेसनी पर्समधून एक पुडी काढली. वरणात कालवायची, त्यांना कळू द्यायचं नाही, असं कुणीतरी सांगितलेलं. ती देऊ नका, असं स्पष्ट सांगितलं. अशा पुडीत डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असेल आणि माणूस वरून प्यायला, तर बीपी धाडकन खाली येतो. हे औषध डॉक्टरांनी, पेशंटला सांगून द्यायचं असतं.

आठवड्याभरानं मुनीमजी परत आले आणि मग 'मीटिंग म्हणजे काय' इथून सुरुवात झाली. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनी सुरू केलं. एक सर्जन, दुसरा शेअर दलाल. "दलाल?" मुनीमजी पहिल्यांदा हसले. "म्हणजे आमच्याच लाइनीतला!"

या मीटिंगा सापडत नाहीत, ही तक्रार खरी आहे. बाहेर पाटी नसते. शाळेची खोली, चर्चचा हॉल, दवाखान्यातली एखादी रिकामी खोली, जिथं जागा मिळेल तिथं भरतात. १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करून जवळ काय आहे ते विचारता येतं. राहून आलेल्या केंद्रातल्या समुपदेशकाला विचारावं, त्यांच्याकडे जुन्या मेंबरांचे नंबर असतात. एएची भारतातली वेबसाइटही आहे. पत्ता मिळाला तरी निघण्याआधी फोन करून वार-वेळ पक्की करा, कारण जागा बदलत राहतात. एवढ्या लांब जाऊन कुलूप दिसलं की माणूस तिथून सरळ परमिट रूम गाठतो. ज्यांच्या तालुक्यात काहीच नाही, त्यांना मोबाइलवरच्या ऑनलाइन मीटिंगा आहेत. पण सुरुवातीला तरी माणसांत जाऊन बसावं, असं माझं मत.

मुनीमजींनी मुद्दाम जिल्ह्याबाहेरचं, लाइनवरचं एक शहर निवडलं. मी अडवलं नाही. लाज झाकायला माणूस तीन तास पॅसेंजरमध्ये बसत असेल तर बसू दे, पोचतो तर खरा. आल्यावर सांगत होते, "नाव लिहून घेतलं नाही, फी नाही. शेवटी डबा फिरला, तर म्हणाले, पहिल्यांदा आलात, काही टाकू नका. मी बोललोच नाही, नुसतं ऐकलं." तेवढं पुरे असतं. सोडायची इच्छा, एवढीच अट. माळ घालताना जन्माची शपथ होती, इथं फक्त आजचा दिवस मागतात, हे त्यांना फार पटलं. माळेनं सुटलेलीही माणसं मी पाहिली आहेत, तेव्हा तिला नावं ठेवत नाही.

आणि ओळखीचं माणूस? निघालंच की. एकदा मोंढ्यात मालाचे ट्रक घेऊन येणारा ड्रायव्हर समोर बसलेला. मुनीमजींना दरदरून घाम फुटला. ड्रायव्हर म्हणाला, "या, बसा." बाकी काही नाही. आलेल्याचं नाव बाहेर काढायचं नाही, हा तिथला नियम, आणि काढायचं तर त्याला आधी स्वतः तिथं काय करत होता ते सांगावं लागेल. तुम्ही पिता हे तर गावाला केव्हाचं माहीत आहे, असं मी मुनीमजींना म्हटलं. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मधे भाच्याच्या लग्नात एकदा पाय घसरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नाही, ड्रायव्हरला फोन केला. मला ते बरं वाटलं.

आता मिसेस विचारतात, "ह्यांचं झालं, माझ्या डोक्यातलं कुठं नेऊ?" पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉन म्हणून वेगळ्या मीटिंगा असतात. नवरा पीत असो, सोडलेली असो, की मीटिंगला यायलाच तयार नसो, बायकोला तिथं एकटीनं जाता येतं. त्यांच्या तालुक्यात तशी नाही, म्हणून सध्या त्या दुपारी जेवणं उरकली की फोनवरून बसतात. सासूबाईंना सांगितलंय, भजनी मंडळाचं आहे.